धाकटीचा चेहरा

माझे हात गप्प बसत नाहीत. मीटिंगमध्ये पेनाचं टोपण सोलत बसतो, जेवताना ताटाची कड अंगठ्यानं चाचपत राहतो. बायको म्हणते, "वाढलंय ते खा, इन्स्पेक्शन नंतर कर." तिचं बरोबर आहे. पण ज्या हातांनी इतकी वर्षं लाकूड तासलं, त्यांच्या मुठीत आता माउस दिलाय. ते कुठंतरी चाळा करणारच.

मी फौंड्रीत आहे, पॅटर्न विभागात. हे काम ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा असेल तर आधी त्याच आकाराचा लाकडी नमुना करावा लागतो. तो वाळूत ठेवायचा, वाळू ठोकून घट्ट करायची आणि नमुना अलगद वर उचलायचा. मागं जी पोकळी राहते तिच्यात वितळलेला रस ओतायचा. तो नमुना म्हणजे पॅटर्न. भोसरीच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये मी तो हातानं करायला शिकलो. तिथं काम करत करत डिग्री घेतली आणि आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो. हे आधीच सांगून टाकतो, कारण आमच्या भावकीत कुठलाही विषय निघाला तरी कुणीतरी माझ्या डिग्रीवर येतंच. येऊ देत. मी ती कमावलीय. आता चाकणच्या मोठ्या फौंड्रीत आहे. तिथं नमुने मशीन कापतं आणि मी स्क्रीनवर बघतो. नोकरी चांगली आहे. फक्त संध्याकाळी घरी आलो की हातांना काय सांगायचं ते कळत नाही.

म्हणून मी पॅकिंगचं पाइन घरी आणायला लागलो. मशिनी ज्या खोक्यांतून येतात त्यांच्या फळ्या. कंपनी त्या भंगारात काढते, गेटपास केला की नेता येतात. दिघीच्या आमच्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून मी त्यातून माणसांचे चेहरे कोरायचो. वॉचमनचा, इस्त्रीवाल्याचा, बसमध्ये समोर बसलेल्या कुणाचाही. सगळे नीट यायचे. नाक सरळ, ओठ जागच्या जागी, दोन्ही डोळे एका रेषेत. आणि सगळे एकमेकांचे भाऊ दिसायचे.

बायको एकदा कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "हे सगळे एकाच कंपनीत कामाला आहेत का रे?"

मी हसलो. पण ते टोचलं. पाइन मऊ असतं, त्यात गाठी असतात, लाकडाचाच दोष असणार, असं स्वतःला सांगून पुढचा तुकडा घेतला.

आमचं मूळ घर कुरुळीला. जुनं पाडून तिथं आता खाली कामगारांच्या भाड्याच्या खोल्या आहेत आणि वर आई राहते. घर पाडताना सगळं सामान पत्र्याच्या शेडमध्ये टाकलं होतं, त्यातच गौरींची पेटी होती. आषाढात आईचा फोन आला. आवाज असा की मी गाडी बाजूला घेतली.

"धाकट्या गौरीला वाळवी लागली. तू ये."

आमच्या गौरी लाकडी आहेत, शिवणीच्या. बाकी घरांत पितळी असतात, शाडूच्या असतात, हल्ली फायबरच्या. आमच्या कुणी कोरल्या ते कुणालाच माहीत नाही. दोघी बहिणी, थोरली आणि धाकटी. भाद्रपदात तीन दिवसांसाठी येतात. पहिल्या दिवशी त्यांना दारातून आत आणायचं, दुसऱ्या दिवशी जेवू घालायचं, तिसऱ्या दिवशी बोळवण. धड म्हणजे लोखंडी स्टँड आणि त्याला नेसवलेली साडी. मुखवटे तेवढे खरे. ते पाण्यात सोडत नाहीत, पुसून परत पेटीत ठेवतात.

मी पोचलो तेव्हा आई आणि काकी पेटीसमोर बसल्या होत्या. काकी म्हणजे माझी थोरली चुलती. भावकीत देवाधर्माचा शेवटचा शब्द तिचा. थोरली शाबूत होती. धाकटीला उचलायला गेलो तर गाल हातात भुश्शासारखा सुटला. कपाळाचा एक तुकडा आणि एक कान, एवढंच लाकूड उरलं होतं.

काकी म्हणाली, "एकटी गौर बसवत न्हाईत. एक गेली की दुसरीबी सोडायची. इंद्रायणीला दोघींना सोडू आन् नवी जोडी आणू. चिंचवडात फायबरच्या लई झकास मिळत्यात."

आई पदरानं थोरलीचं तोंड पुसत होती. तोंड स्वच्छ होतं, तरी पुसत होती. आई लग्न होऊन या घरात आली तेव्हा तिला सासूशी बोलायची भीती वाटायची. त्या पहिल्या भाद्रपदात ती थोरलीशी बोलली. तेव्हापासून बोलतेच आहे. वर्षातून तीन दिवस, स्वयंपाक करता करता, वाती वळता वळता. आम्हाला लहानपणी वाटायचं, सगळ्यांच्याच आया गौरीशी बोलतात.

मी म्हणालो, "सोडायचं नाही कुणाला. धाकटी मी करतो."

काकीनं माझ्याकडं पाहिलं. "कशावर? कॉम्प्युटरवर?"

"हातानं."

"सायेब, गौर म्हंजी नटबोल्ट न्हाई."

"इंजिनाचे भाग लाकडात कोरलेत मी, काकी. ज्यात चार बाजूंनी भोकं असतात. बाईचं नाक-डोळं न जमायला काय झालं?"

"नाक-डोळं कुणालाबी जमत्यात. फायबरवाल्याला जमल्यात की." तिनं गुडघ्यावर हात टेकून उठता उठता अट घातली. "येताना हसली पायजे. जाताना तोंड उतरलं पायजे. मला तसं दिसलं तर आपली. न्हाईतर दोघी पाण्यात. व्हय का गं?"

आईनं मान हलवली. होकार होता की नकार, कळलं नाही.

ही अट काकीनं नवी काढली नव्हती. आमच्याकडं हे सगळेच बघतात. पहिल्या दिवशी गौरी आत आल्या की बायका निरांजन घेऊन चेहरा पाहतात आणि म्हणतात, हसत आली गं बाई. तिसऱ्या दिवशी बोळवणीच्या वेळी परत पाहतात आणि म्हणतात, बघ, उतरला चेहरा, जायचं जिवावर आलंय. दरवर्षी दोन्ही दिसतं. मुखवटा तोच, रंग तोच. मी विज्ञान शिकलेला माणूस. मला वाटायचं, माणसाला जे बघायचं असतं ते दिसतं. आता तेच लाकडात कोरायची वेळ आल्यावर असं वाटून भागणार नव्हतं.

थोरली मी दिघीला घेऊन आलो. तिची मापं घ्यायला व्हर्नियर लावलं तर सोबत आलेली आई म्हणाली, "देवीला चिमटं कसलं लावतोस?" माझ्याकडं जुनं सागवान होतं, पॅटर्नचं, वर्षानुवर्षं वाळलेलं. ते घेतलं. पटाशीला धार लावली आणि सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळी, जमेल तेव्हा बसलो. पुण्याहून येणारी लोकल चुकवलेल्या माणसासारखं माझं झालं होतं. एका जागी ठरत नव्हतो. बाल्कनीतून आत, आतून बाल्कनीत, थोरलीकडं बघ, परत लाकडाकडं बघ.

चेहरा झाला. सुंदर झाला. हे मी स्वतःच म्हणतो, कारण खरंच झाला होता. एकही ओरखडा नाही, दोन्ही गाल मिलिमीटरला सारखे. फक्त थोरलीपेक्षा जरा मोठा आला. लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न नेहमी किंचित मोठा करतात. हातानं त्याच सवयीनं जादा ठेवलं होतं. बायकोनं दोघींना शेजारी ठेवून पाहिलं आणि म्हणाली, "धाकटीनं थोरलीच्या वाटणीचं पण खाल्लंय." ते पॉलिश पेपरनं निस्तरता आलं असतं. पण आईनं पाहिलं आणि नुसतं "चांगलं हाय" म्हणाली. आई ज्या सुरात तुळशीबागेतल्या प्लॅस्टिकच्या फुलांना चांगलं म्हणते, त्या सुरात.

मला झोंबलं. दुसऱ्या दिवशी तो चेहरा डब्याच्या पिशवीत घालून कंपनीत नेला. कुणीतरी कामातला माणूस बघून नीट बोलेल असं वाटलं.

आमच्याकडं एक जुना मोल्डर आहे, साचे करणारा. आम्ही सगळे त्याला भाऊ म्हणतो. त्यानं चेहरा हातात घेऊन फिरवला आणि त्याचे डोळे चमकले.

"राव, दाबून बघू का?"

"कशात?"

"कशात म्हंजी? वाळूत."

गौर आहे म्हणून मी जरा थांबलो. पण हळदीकुंकू लागलं नाही तोवर ते लाकूडच. म्हटलं, दाब. भाऊनं चेहरा पाटावर उताणा ठेवला, वरून बॉक्स ठेवला, काळी वाळू चाळली, ठोकली, बॉक्स उलटा केला. मग दोन बोटांनी चेहरा हलकेच ठोठावून सैल केला आणि सरळ वर उचलला. आजूबाजूला पोरं जमली होती. सगळे वाकले.

वाळूत चेहरा उमटला होता. कपाळ, नाक, ओठ, हनुवटी. कड जागच्या जागी.

"एक कण न्हाई तुटला!" भाऊ ओरडला. "मशीनच्या पॅटर्नलाबी असं सुटणं न्हाई. हात हाय बाबा हात!"

एक जण म्हणाला, "सर, रस ओतू का? लोखंडी गौर होईल. वाळवीचं टेन्शनच नाही."

सगळे हसले. टाळ्यासुद्धा पडल्या. मी मात्र त्या वाळूकडं बघत राहिलो.

नमुना वाळूतून सरळ वर निघावा म्हणून त्याच्या प्रत्येक बाजूला किंचित उतार देतात. आणि आत वळलेली, खाली घुसलेली एकही जागा ठेवत नाहीत. अशी जागा राहिली की वाळू तिथं अडकते आणि उचलताना साचा फाटतो. तिला अंडरकट म्हणतात. आमच्या धंद्यात ती शिवी आहे. भोसरीच्या शेडमध्ये पहिल्या दिवसापासून माझ्या हाताला हेच शिकवलं गेलं होतं आणि तो इतका शहाणा झाला होता की त्याला आता सांगावं लागत नव्हतं. मी डोळा कोरत होतो तेव्हाही तो उतार देत होता. ओठाखाली खोल जायच्या जागी तो गोलाई देऊन बाहेर येत होता. वॉचमन, इस्त्रीवाला, सगळे असेच झाले होते. वाळूतून सुटणारे.

वॉशरूमच्या आरशासमोर जाऊन मी स्वतःचा चेहरा चाचपला. वरची पापणी डोळ्यावर येते तिथं बोट अडकलं. नाकपुडीत अडकलं. खालच्या ओठाच्या खाली, गालाला ओठ मिळतो त्या कोपऱ्यात, कानामागं अडकलं. माणसाचा चेहरा वाळूत दाबला तर दहा ठिकाणी साचा फाटेल. आणि हसणं, रुसणं, जिवावर येणं, सगळं त्या दहा ठिकाणीच बसलेलं असतं. कारण सावली तिथंच पडते. माझ्या गौरीला सावलीच नव्हती. ती येताना हसली नसती आणि जाताना उतरली नसती. कुठूनही बघा, गुळगुळीत, सभ्य.

तोवर श्रावण लागला होता.

मोशीच्या वखारीतून शिवणीचा ओंडका आणला. आता चूक कळली होती, म्हणजे काम झालं असं वाटलं. पण कळणं निराळं आणि हात निराळा. पापणीखाली गोल पटाशी घालायचो आणि शेवटच्या क्षणी मनगट आपोआप बाहेर वळायचं. मी बळानं आत ढकलायचो. मग सगळ्या अंगाला कसंतरी व्हायचं, चालू बसमधून उतरल्यासारखं. दोन तुकडे असेच बाद केले. बायको बाल्कनीतला भुसा भरता भरता म्हणाली, "आपण फायबरची आणून वर भुसा चिकटवू या का?" मी इतका चिडलो की खाली जाऊन सोसायटीला फेऱ्या मारल्या.

आणि एक अडचण मोठी होती. धाकटी दिसायची कशी? फोटोत बघावं तर मुकुट, नथ, हार, वर विजेच्या माळा. चेहरा असा दिसतच नव्हता. मी आईला विचारलं.

आई म्हणाली, "थोरली बसली की बसली. धाकटीला बसवलं तरी ती उठायच्या बेतात. असं वाटायचं, गॅसवर दूध ठेवून आलीय."

"म्हणजे डोळे कसे होते?"

"आता कसं सांगू? घाई व्हती तिला. लई घाई."

घाई कशी कोरतात? लाकडातला चेहरा हलत नाही. मी घाईतली माणसं बघत सुटलो. शिफ्ट सुटताना गेटवर उभा राहायचो. कुरुळी फाट्यावर बसकडं धावणाऱ्या बायका बघायचो, एकीनं "काय वो?" म्हणून झापलंसुद्धा. मोशीच्या ट्रॅफिकमध्ये शेजारच्या गाडीवरच्यांची तोंडं बघायचो. पण पळणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर घाई नसतेच. ती पायांत गेलेली असते. चेहऱ्यावर नुसता दम.

गौरी जवळ आल्या तशी कंपनीत सुट्ट्यांची झुंबड उडाली. फायनल इन्स्पेक्शनला एक बाई आहे, लातूरकडची. टॉर्च मारून ओतलेल्या भागांमधल्या चिरा शोधते. तिचे साहेब रजेवर होते, म्हणून ती माझ्या टेबलाशी आली.

"सर, आमच्याकडं महालक्ष्म्या बसतेत. सासूबाई एकट्याच हायेत. दुपारची गाडी भेटली तर बरं होतंय."

त्यांच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. मी पेन शोधायला लागलो. ड्रॉवर उघडला, कागद हलवले. वर बघितलं तर ती उभी होती. हनुवटी माझ्याकडं. अंग माझ्याकडं. अदबीनं हात बांधलेले. आणि डोळे खिडकीतून गेटकडं गेलेले. डावा जरासा जास्त, उजवा त्याच्यामागून. खालचा ओठ दाताखाली नव्हता, पण जाणार होता. ती माझ्यासमोर उभी होती आणि तिथं नव्हती.

मी बघतच राहिलो असेन, कारण ती म्हणाली, "सर, पेन तुमच्या कानामागं हाय."

भोसरीपासूनची सवय. तिथं पेन्सिल असायची. मी सही केली. ती थँक्यू म्हणेपर्यंत दारात पोचली होती.

त्या संध्याकाळी हाताला बाहेर वळायला सवड मिळाली नाही. चेहरा सरळ ठेवला आणि डोळे हलवले. डावी पापणी खोल घेतली, पटाशी पार खाली घातली. ओठाचा एक कोपरा आत दडपला, दुसरा तसाच सोडला. लाकूड आतून कोरलं जाताना आवाज बदलतो, किरकिर थांबते आणि ओलसर कचकच येते. तो आवाज मी आयुष्यभर टाळला होता. मोबाइलचा टॉर्च खालून धरला, चेहऱ्यावर काहीतरी आलं. वरून धरला, ते गेलं आणि दुसरं काहीतरी आलं. मग थोरलीवर टॉर्च धरला आणि कोडं सुटलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी समया जमिनीवर असतात, उजेड खालून येतो, ओठांचे कोपरे उचलल्यासारखे दिसतात. तिसऱ्या दिवशी बोळवण उन्हात, उजेड दारातून वरून येतो, त्याच कोपऱ्यांत सावली उतरते. ज्या कुणी थोरली कोरली त्याला हे ठाऊक होतं.

मी मोठ्या उत्साहानं आईला फोन करून सांगितलं. ती ऐकून म्हणाली, "बरं. आन् मग तिसऱ्या दिवशी माझा चेहरा उतरतो, तो कुठल्या उजेडानं?"

मी फोन ठेवला.

पुढचे दिवस मी त्या चेहऱ्याला सुखानं राहू दिलं नाही. जरा इथं, जरा तिथं. शेवटी बायकोनं पटाश्या धान्याच्या डब्यात लपवल्या. "आता हात लावलास तर कातडं सोलशील तिचं." रंगवायलाही तिनं मदत केली. आणि आईनं एक काम सांगितलं. जुन्या धाकटीचा कान उरला होता, तो नव्या मुखवट्याच्या मागच्या पोकळीत बसवायचा.

"घरातलं ऐकायची सवय हाय त्याला," ती म्हणाली.

मी खोबण केली. तोंडाशी अरुंद, आत रुंद, कडेनं सरकवलं की बसेल आणि सरळ ओढला तर निघणार नाही अशी. कंपनीत भाऊनं विचारलं, "नवीन पण आण की, दाबून बघू." म्हटलं, "भाऊ, ही सुटायची नाही. साचा फाटेल." त्याला वाटलं माझं काम बिघडलं. त्यानं खांद्यावर हात ठेवला.

गौरी आल्या. दारापासून कुंकवाची पावलं, ताट वाजवत दोघींना आत आणलं, साड्या, मुकुट, नथ. समया लागल्या. काकी निरांजन घेऊन पुढं झाली. भावकीतल्या सगळ्या बायका मागं. तिनं थोरलीकडं पाहिलं, "हसत आली गं बाई." मग धाकटीसमोर निरांजन धरलं. धरून ठेवलं. तिच्या कपाळाला कुंकू लावलं, एकदा मागं दाराकडं बघितलं, परत तिच्याकडं. आणि 'हसत आली' न म्हणताच बाजूला झाली.

मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी पुरणपोळी होती. कशी झाली होती, विचारू नका. मी दर घटकेला दारात जाऊन डोकावत होतो. बायको म्हणाली, "अरे बस ना. गौर तू आहेस का ती?" आई स्वयंपाकघरात होती. पण यंदा ती थोरलीशी बोलत नव्हती. नुसत्या वाती वळत होती. ते मला सगळ्यात जड गेलं. तिनं मनातल्या मनात निरोप घेऊन टाकलाय असं वाटलं. शेवटचं असेल तर बोलून तरी घ्यावं ना माणसानं. पण आईला ते सांगायचं कसं?

तिसऱ्या दिवशी दुपारी दारं उघडली, ऊन आत आलं. बायका जमल्या. मी भिंतीला टेकून उभा, हात पाठीमागं, एका हातानं दुसरा धरलेला. काकीनं थोरलीकडं पाहिलं.

"उतरली बघ."

"उतरली," दोघी-तिघी म्हणाल्या.

मग ती धाकटीसमोर आली. डावीकडून बघितलं. उजवीकडून बघितलं. आईनं पदराचं टोक मुठीत आवळलेलं मला दिसलं. आता बोल ना बाई, असं मला ओरडावंसं वाटलं.

"हिचं काय बघायचं?" काकी म्हणाली. "ही आलीच व्हती जायच्या घाईत. परवा मी कुकू लावतीय आन् हिचं ध्यान दाराकडं. मला वाटलं, मागं कोण आलंय, म्हणून मी वळून बघितलं." ती आईकडं वळली. "हिचं पयल्यापासनं असंच. सासूबाई म्हणायच्या, हिला बसवायचं म्हंजी वासराला बसवायचं."

कुणीतरी हसलं. आईनं मूठ सोडली.

"आन् पेटी त्या शेडात ठिवू नगा," काकी अक्षता टाकता टाकता म्हणाली. "वर ठिवा, कपाटावर. डांबरगोळ्या टाका. सायेबाला परत परत सुट्टी मिळायची न्हाई."

मला शाबासकी मिळाली नाही. आमच्याकडं ती अशीच मिळते, डांबरगोळ्यांच्या हिशेबात.

अक्षता पडल्या, दोघींना जागेवरून हलवलं, निर्माल्य घेऊन मंडळी इंद्रायणीकडं गेली. मी आईजवळ थांबलो. तिनं साड्या उतरवल्या, मुखवटे पुसले. थोरलीला मऊ धोतरात गुंडाळून पेटीत ठेवलं. गुंडाळताना हळू आवाजात काहीतरी चाललं होतं, कुणाच्या लग्नाचं. मग धाकटीला घेतलं, पालथं केलं, मागच्या खोबणीतल्या त्या जुन्या कानाजवळ तोंड नेलं आणि बराच वेळ काहीतरी सांगितलं.

मी विचारलं, "काय सांगितलंस गं?"

आईनं पेटीचं झाकण लावलं.

"तुला काय करायचंय? तुझा कान हाय का त्यो?"